फॉन्टच्या यादीतला माणूस

सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्टमध्ये लिहायचं ते सगळं लिहून संपलं की प्रत्येक इंजिनियर एकच काम करतो. फॉन्ट बदलत बसतो! वर्डमधली ती लांबलचक यादी उघडायची, एकेका नावावर माउस न्यायचा आणि आपला मजकूर कसा दिसतो ते बघायचं. एरियल... फार साधा. कॉमिक सॅन्स... सर वर्गाबाहेर काढतील. यादी जरा खाली सरकवली की 'बी'च्या घरात एक नाव लागतं, बास्करविल ओल्ड फेस.

हे नाव वाचल्यावर बहुतेकांना शेरलॉक होम्सच्या गोष्टीतला तो भयानक कुत्रा आठवतो. पण मित्रांनो, त्या कुत्र्याचा इथे काही संबंध नाही. हा बास्करविल म्हणजे खराखुरा, हाडामांसाचा माणूस होता आणि त्याला जाऊन अडीचशे वर्षं झाली. तशी या यादीत माणसं पुष्कळ आहेत. गॅरामंड हा फ्रेंच कारागीर, बोडोनी इटालियन, गिल इंग्लिश. आणि आपली मराठी ज्या 'मंगल'मध्ये कित्येक वर्षं कॉम्प्युटरवर दिसत आली, तो फॉन्ट केला आपल्या र. कृ. जोशी यांनी. ते २००८ साली गेले. त्यांचं नाव मात्र मेन्यूत कुठेच दिसत नाही. बास्करविलचं दिसतं. रोज दिसतं, आणि आपण त्याच्यावरून माउस सरकवून पुढे जातो.

तर या बास्करविलसाहेबांची ही गोष्ट. आपल्या ब्रँचचा म्हणावा असा माणूस आहे. मेकॅनिकलचा म्हणा, केमिकलचा म्हणा, मेटलर्जीचा म्हणा, कुठेही बसेल.

जॉन बास्करविलचा जन्म इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यात, वुल्वर्ली नावाच्या खेड्यात झाला. २८ जानेवारी १७०७ ला त्याचा बाप्तिस्मा झाला. (काही पुस्तकांत १७०६ सापडेल. तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं म्हणून हा घोळ.) तरुण वयात तो बर्मिंगहॅमला आला आणि तिथे त्याने चक्क हस्ताक्षर शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे कॉन्व्हेंटमध्ये चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह गिरवून घेतात ना, तसंच काहीसं, फक्त तिथे त्यावर पोट चालायचं. टाइपरायटर नव्हता, झेरॉक्स नव्हतं. सुंदर अक्षर येणाऱ्याला दुकानात, ऑफिसात नोकरी मिळायची, त्यामुळे अक्षर शिकवणारे मास्तर शहराशहरात असत.

त्याच्या जोडीला तो कबरीवरचे दगड कोरून द्यायचा. या धंद्यासाठी त्याने पाटीच्या काळ्या दगडाचा एक छोटा तुकडा कोरून ठेवला होता. त्यावर त्याचं नाव, आपण अक्षर-मास्तर आहोत हे, आणि कोणत्याही वळणात दगड कोरून मिळेल अशी जाहिरात, आणि गंमत म्हणजे हे सगळं वेगवेगळ्या वळणांच्या अक्षरांत! गिऱ्हाईकानं बघायचं, आवडलेल्या वळणावर बोट ठेवायचं आणि ऑर्डर द्यायची. फॉन्ट प्रिव्ह्यू म्हणजे याहून वेगळं काय असतं? हा दगड आजही बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

पण अक्षरांवर माणूस श्रीमंत होत नाही, हे त्याला लवकर कळलं असावं. त्याने धंदा बदलला. त्या काळात युरोपात जपानी लाखकामाची भयंकर क्रेझ होती. पत्र्याचे ट्रे, डबे, चहाचे सामान यांच्यावर काळं चकचकीत रोगण चढवायचं, भट्टीत भाजायचं, पुन्हा चढवायचं आणि त्यावर चित्रं काढायची. याला तिकडे जपॅनिंग म्हणत. बास्करविलने यात उडी घेतली, १७४२ साली धातूचे पत्रे लाटण्याच्या-घासण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंटही घेतलं आणि बघता बघता बक्कळ पैसा केला. शहराच्या कडेला आठ एकर जागा घेतली, बंगला बांधला आणि त्या जागेचं नाव ठेवलं ईझी हिल. सोनेरी किनारीचे कपडे घालून तो गावात फिरायचा. त्याच्या बग्गीच्या प्रत्येक फळीवर त्याच्याच कारखान्यातलं रोगणकाम आणि चित्रं होती. म्हणजे बग्गी कसली, चालतं फिरतं सॅम्पल-बुकच ते! त्याचे मित्रही तसेच. मॅथ्यू बोल्टन हा त्यातला एक. पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात भागीदार झाला तोच हा बोल्टन.

आता अशा माणसाने चाळिशीनंतर काय करावं? आरामात बसावं. बास्करविलने १७५० च्या सुमारास काय केलं, तर छापखान्याचे खिळे पाडायला घेतले.

इथे जरा थांबून खिळा म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या पिढीला ते माहीत असायचं कारण नाही. छपाईच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक छोटा ठोकळा, त्याला छापखान्यात खिळा म्हणतात. तो ओतण्याआधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर ते अक्षर उलटं कोरायचं. हा पंच. मग हा पंच कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, की तांब्यात सुलटा खोलगट ठसा उमटतो. ही मातृका. ती साच्यात बसवून त्यात वितळलेला धातू ओतला की खिळा तयार. प्रत्येक अक्षराला वेगळा पंच. मोठ्या लिपीला वेगळा, छोट्या लिपीला वेगळा, तिरप्या अक्षराला वेगळा. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक साइजला सगळा संच पुन्हा पहिल्यापासून! आपण १२ चे १४ करतो ती एक क्लिक असते. तेव्हा त्या क्लिकला कित्येक महिने लागायचे. मुळात 'फॉन्ट' हा शब्दच एका वळणाच्या एका साइजच्या सगळ्या खिळ्यांसाठी होता. त्यामुळे फॉन्ट मॅनेज करणं म्हणजे लाकडी खणांची कपाटं सांभाळणं, आणि एक फॉन्ट वजनाला शेकडो किलो भरायचा.

बास्करविल अक्षरं काढायचा आणि पंच कोरायचा जॉन हँडी नावाचा कारागीर. मिलिमीटरच्या अंशात पोलाद कोरणारे हात हँडीचे होते, पण त्याच्या नावाचा फॉन्ट काही मेन्यूत नाही. मनासारखं पहिलं अक्षर हातात यायच्या आधीच सहा-आठशे पौंड खर्च झाले असं म्हणतात. त्या काळात हे पैसे म्हणजे एखाद्या कारागिराची पंधरा-वीस वर्षांची कमाई.

त्याच्या अक्षरात नवीन काय होतं? तेव्हा इंग्लंडात विल्यम कॅस्लनचं राज्य होतं. कॅस्लनने १७३४ मध्ये आपल्या सगळ्या अक्षरांचा एक मोठा नमुना-कागद छापला होता. वर सर्वात मोठा साइज, खाली खाली लहान होत जाणारा, आणि मजकूर म्हणून सिसेरोच्या लॅटिन भाषणाचे शब्द. विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो ते वाक्य लहान-मोठ्या साइजमध्ये दिसतं ना? त्याचा आजोबा म्हणजे हा कागद. कॅस्लनची अक्षरं भरीव, उबदार, जरा खडबडीत. १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला तोही त्यांच्यातच. बास्करविलला कॅस्लनबद्दल आदर होता, पण त्याला अजून काहीतरी हवं होतं. त्याने जाड रेघ आणि बारीक रेघ यांतला फरक वाढवला, गोलाई स्वच्छ केली, तोल सरळ उभा केला. टाक धरून कागदावर लिहिणाऱ्या हस्ताक्षर-मास्तरची नजर त्यात दिसते. कॅपिटल 'क्यू'ची ती झोकदार शेपटी एकदा मोठ्या साइजमध्ये बघाच.

पण एक प्रॉब्लेम होता. एवढ्या नाजूक रेघा तेव्हाच्या छपाईत टिकणार कशा? कागद खरखरीत, त्याच्यावर साच्याच्या तारांच्या रेघा उमटलेल्या. शाई करडी आणि चिकट. लाकडी छापयंत्राचा दाब कुठे जास्त, कुठे कमी. नाजूक रेघ एकतर उठायचीच नाही, नाहीतर फुगून जाड व्हायची. दुसरा कोणी असता तर त्याने रेघा जाड केल्या असत्या. बास्करविलने अक्षर तसंच ठेवलं आणि बाकीचं जग बदलायला घेतलं. मला हा माणूस आवडतो तो इथे.

छापयंत्राचा खालचा पाट आणि वरून दाबणारा पाट दोन्ही पितळेचे आणि अगदी सपाट करून घेतले. कागदामागची गादी पातळ आणि कडक केली, म्हणजे खिळा कागदात रुतणार नाही, फक्त टेकेल. शाई स्वतः शिजवली. जवसाचं तेल उकळायचं, राळ घालायची, मुरू द्यायचं, आणि मग त्यात बारीक काजळी खलायची. रोगणाच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला काळा रंग किती काळा असू शकतो ते माहीत होतं! कागदासाठी जेम्स व्हॉटमन या कागदवाल्याचा नव्या पद्धतीचा कागद घेतला. तो बारीक विणलेल्या जाळीवर केलेला असल्यामुळे त्यावर तारांच्या रेघा नव्हत्या. आणि छापून झालं की प्रत्येक ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढला, कडक इस्त्री केल्यासारखा. कागद तुळतुळीत, शाई चमकदार.

हे सगळं जमवायला सात वर्षं गेली. १७५४ मध्ये त्याने नमुना छापून गिऱ्हाइकांची आगाऊ नावनोंदणी सुरू केली आणि १७५७ मध्ये पहिलं पुस्तक बाहेर आलं, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचं. पानावर ना वेलबुट्टी, ना चित्रांची महिरप. फक्त अक्षरं, आणि त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा. ज्या काळात मुखपृष्ठ म्हणजे लग्नपत्रिका वाटायची त्या काळात हे पान छापलं गेलं, हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी, १७५८ मध्ये, मिल्टनही आला.

मग लोक खूश झाले असतील, नाही का? काही झाले. अमेरिकेतला बेंजामिन फ्रँकलिन, तो स्वतः मुद्रक, त्याने व्हर्जिलच्या सहा प्रतींसाठी नाव नोंदवलं होतं. पण इंग्लंडातले बरेच मुद्रक आणि पुस्तकवाले नाकं मुरडू लागले. हा कोण? ट्रेवाला. याला छपाईतलं काय कळतं? आणि मग एक अफवा पसरली, की बास्करविलच्या अक्षरांनी डोळे बिघडतात. इतक्या बारीक रेघा, इतका चकाकणारा कागद, वाचून वाचून देश आंधळा होईल!

१७६० च्या सुमारास फ्रँकलिनला असाच एक गृहस्थ भेटला. स्वतःला जाणकार समजणारा. तो म्हणाला की बास्करविल सगळ्या वाचकांना आंधळं करणार, त्याच्या अक्षरांच्या रेघा फार बारीक आहेत. फ्रँकलिनने वाद घातला नाही. त्याने एक छोटासा प्रयोग केला. आतल्या खोलीत गेला, कॅस्लनचा नमुना-कागद घेतला, वरचा नाव असलेला भाग फाडून टाकला आणि तो कागद बास्करविलचा म्हणून त्या गृहस्थाच्या हातात दिला. मला काही दोष दिसत नाही बुवा, तुम्हीच दाखवा, असं म्हणाला. गृहस्थ लगेच सुरू! एकेका साइजवर बोट ठेवून प्रमाण कुठे चुकलंय, रेघ कुठे बारीक पडलीय हे तो सांगत गेला. आता सुद्धा हे वाचताना डोळे दुखतायत असंही म्हणाला. ज्या अक्षरांत तो गृहस्थ आयुष्यभर आनंदाने वाचत आला होता, ती कॅस्लनची अक्षरं! फ्रँकलिनने त्याला खरं सांगितलं नाही, लाजवायचं नव्हतं म्हणून. पण ही सगळी हकीकत बास्करविलला पत्रातून कळवली.

आपण लॅबमध्ये ब्लाइंड टेस्ट शिकतो ना, ती हीच. फॉन्ट निवडताना मीही हल्ली हा प्रयोग करते. तोच परिच्छेद पाच फॉन्टमध्ये प्रिंट काढायचा, नावं लिहायची नाहीत आणि मैत्रिणींना विचारायचं. ज्या फॉन्टचं नुसतं नाव ऐकून सगळ्या हसल्या होत्या तोच दोघींनी पहिला निवडला. कोणता ते सांगत नाही!

पण बास्करविलला अशा विनोदांनी पोट भरता येणार नव्हतं. १७५८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्याला मुद्रक म्हणून नेमलं. ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्यक्षात विद्यापीठाला पैसे त्यालाच द्यावे लागत होते, आणि छापायचं ते मुख्यतः प्रार्थनेचं पुस्तक आणि बायबल. यातला विरोधाभास असा की बास्करविलचा धर्मावर काडीचाही विश्वास नव्हता आणि तो ते लपवतही नसे. तरीही १७६३ चं त्याचं मोठं बायबल हे इंग्लंडात छापलेल्या सर्वांत देखण्या पुस्तकांपैकी एक मानलं जातं. देव मानत नसला तरी पान मानत होता. बायबलच्या १२५० प्रती काढल्या, पण त्या धड खपल्या नाहीत. उरलेला गठ्ठा पुढे लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याला स्वस्तात द्यावा लागला.

१७६२ मध्येच त्याने होरेस वॉलपोल या बड्या सरदारपुत्राला पत्र लिहून आपली दशा सांगितली होती. इतका पैसा आणि इतकी वर्षं घातली, कौतुक देशोदेशी होतंय, पण हातात काही नाही, काहीतरी सरकारी मदत मिळवून द्या, असा सूर. मदत मिळाली नाही. मग त्याने सगळा छापखानाच विकायला काढला. इंग्लंडात कोणी घेईना. फ्रँकलिनमार्फत फ्रान्समध्ये विचारलं, तर उत्तर आलं की युद्धाने आमचीच तिजोरी रिकामी झालीय. ट्रे आणि डबे विकले जात होते म्हणून घर चालत होतं.

घरात होती सेरा. सेरा ईव्ह्ज. तिच्या नवऱ्याने मृत्युपत्राच्या कसल्याशा फसवाफसवीत अडकून पळ काढला होता आणि ही बाई मुलं घेऊन मागे राहिली होती. ती बास्करविलकडे घर सांभाळायला आली आणि पुढे दोघं नवरा-बायकोसारखे राहू लागले. अठराव्या शतकातलं गाव ते, बोलायचं ते बोललंच. कायदेशीर लग्न करता येत नव्हतं, कारण पहिला नवरा जिवंत होता. १७६४ मध्ये तो वारल्यावर महिनाभरात या दोघांनी लग्न केलं. पुस्तकात सेराबद्दल दोन-चार ओळीच सापडतात, पण पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं.

८ जानेवारी १७७५ ला बास्करविल गेला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की मला चर्चच्या जमिनीत पुरू नका, माझ्याच आवारात एक जुनी शंकूच्या आकाराची गिरणीची इमारत आहे तिच्याखाली पुरा. तसंच केलं. छापखान्याचं सगळं सेराच्या हाती आलं. खिळे, पंच, मातृका घ्यायला देशात तरीही कोणी पुढे येईना. शेवटी १७७९ मध्ये एक फ्रेंच गिऱ्हाईक आलं, बोमार्शे. 'फिगारो'ची नाटकं लिहिणारा तोच! त्याला व्हॉल्टेअरचं समग्र साहित्य छापायचं होतं, आणि ते फ्रान्समध्ये छापणं धोक्याचं म्हणून सरहद्दीपलीकडे, ऱ्हाइनच्या काठी केल या गावात त्याने छापखाना टाकला. ३७०० पौंडांना सौदा झाला आणि इंग्लंडचे सर्वोत्तम पंच बोटीत बसून निघून गेले. त्यातून पुढे व्हॉल्टेअरचे ७० खंड निघाले. जो माणूस बायबल छापून बुडाला त्याची अक्षरं धर्मगुरूंची झोप उडवणाऱ्या लेखकाच्या कामी आली. त्याला हे आवडलं असतं.

बास्करविलची मात्र मेल्यावरही सुटका नव्हती. १७९१ च्या दंगलीत ईझी हिलचा बंगला जळला. त्यानंतर ती जागा कालव्याच्या धक्क्यासाठी खणली गेली आणि १८२१ मध्ये मजुरांना शवपेटी सापडली. ती एका गोदामात पडून राहिली. मग एका नळ-शिशाकाम करणाऱ्याच्या दुकानात गेली, आणि लोक प्रेत बघायला येऊ लागले. चर्चची जमीन नको म्हणणाऱ्या या नास्तिकाला शेवटी गुपचूप एका चर्चच्याच तळघरात ठेवलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते चर्चही पाडलं आणि पुन्हा मुक्काम हलला, वॉरस्टोन लेनच्या दफनभूमीत. सध्या तो तिथे आहे.

आता वर्डमधल्या त्या नावाकडे येऊ. बास्करविल जिवंत असतानाच, १७६८ च्या सुमारास, ब्रिस्टलच्या फ्राय फाउंड्रीसाठी आयझॅक मूर या कारागिराने त्याच्या अक्षरांसारखी अक्षरं कोरली. चक्क नक्कल! (फ्राय मंडळींनी पुढे गिऱ्हाइकांची आवड बघून कॅस्लनची नक्कल करायला घेतली, हे वेगळं.) वर्डमधला बास्करविल ओल्ड फेस हा त्या मूरच्या अक्षरांवरून आलेला आहे. म्हणजे आपण बास्करविलच्या नावावर क्लिक करतो आणि समोर येते ती त्याची कॉपी. फ्रँकलिनने तर फक्त नाव फाडलं होतं, इथे नाव एकाचं आणि अक्षर दुसऱ्याचं!

खरा बास्करविल जवळजवळ सव्वाशे वर्षं इंग्लंड विसरून गेलं. तिकडे इटलीत तरुण बोडोनीने त्याच्याकडे शिकायला इंग्लंडला जायचं ठरवलं होतं, वाटेत आजारी पडला म्हणून राहिलं. जाड-बारीक रेघांची ती कल्पना बोडोनी आणि फ्रान्समधले दिदो यांनी पुढे टोकाला नेली. पंच मात्र फ्रान्समध्ये एका फाउंड्रीतून दुसऱ्या फाउंड्रीत हात बदलत राहिले. १९१७ मध्ये ब्रूस रॉजर्स हा अमेरिकन पुस्तक-डिझायनर केंब्रिजच्या विद्यापीठ छापखान्यात सल्लागार होता. त्याला तिथल्या पुस्तकांच्या दुकानात एक जुना नमुना दिसला, अक्षर ओळखीचं वाटलं, आणि मागोवा घेतला तर खिळे पॅरिसमध्ये निघाले. १९२३ च्या सुमारास मोनोटाइप कंपनीने त्यावरून यंत्रासाठी नवीन बास्करविल काढला. त्या वेळी सल्लागार होता स्टॅन्ले मॉरिसन, पुढे ज्याच्या देखरेखीखाली टाइम्स न्यू रोमन झाला तो. मग पुस्तकांवर पुस्तकं या अक्षरात छापली गेली, आणि कोणाचेही डोळे गेले नाहीत.

कॉम्प्युटरवर बास्करविल कधीकधी किरकोळ दिसतो, अशी तक्रार ऐकू येते. त्यालाही कारण आहे. धातूचा खिळा दाबला की शाई थोडी पसरते आणि कागदावरची रेघ खिळ्यावरच्या रेघेपेक्षा जाड येते. नुसत्या खिळ्याचं माप घेऊन डिजिटल फॉन्ट केला तर हे पसरणं हरवतं. म्हणून पाब्लो इम्पालारी याने २०१२ मध्ये स्क्रीनसाठी मुद्दाम भरलेला, थोडा रुंद लिब्रे बास्करविल केला. तो फुकट मिळतो. १९९६ मध्ये झुझाना लिच्को हिने दुसऱ्या बाजूने विचार केला. कागदावर पसरलेल्या शाईची ऊब डिजिटल अक्षरात आणायची. ट्रेवाला म्हणून हिणवला गेलेला बास्करविल तिला जवळचा वाटला, पण तिने फॉन्टला नाव दिलं ते सेराचं, मिसेस ईव्ह्ज. त्यामुळे फॉन्टच्या यादीत आता नवरा आणि बायको दोघंही आहेत, जरा अंतरावर.

२०१२ मध्येच एरॉल मॉरिस या अमेरिकन फिल्ममेकरने न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक चाचणी घेतली. वाचकांना एक विधान दाखवून ते पटतं का असं विचारलं, आणि त्यांना न सांगता वेगवेगळ्या लोकांना ते वेगवेगळ्या फॉन्टमध्ये दाखवलं. कॉमिक सॅन्स होता, हेल्वेटिका होता, लॅटेकवाल्यांचा लाडका कॉम्प्युटर मॉडर्नही होता. सुमारे ४५,००० लोकांनी भाग घेतला. सगळ्यांत जास्त पटलं ते बास्करविलमध्ये वाचलेलं! फरक टक्का-दीड टक्क्याचा होता, त्यामुळे व्हायव्हाला जाताना यावर फार विसंबू नका.

पंचांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पॅरिसच्या दबर्नी-पेन्यो फाउंड्रीचे मालक शार्ल पेन्यो यांनी १९५३ मध्ये ते केंब्रिजला भेट देऊन टाकले, पैसे न घेता. पावणेदोनशे वर्षांनी हँडीच्या हातचं पोलाद परत इंग्लंडात आलं. आणि ईझी हिलच्या जागेवर आता बास्करविल हाउस नावाची मोठी इमारत उभी आहे. तिच्यासमोर १९९० मध्ये डेव्हिड पॅटन या शिल्पकाराने सहा पांढरे दगडी पंच उभे केले. प्रत्येकावर एकेक अक्षर, मिळून त्या पहिल्या पुस्तकातल्या कवीचं नाव, व्हर्जिल. खऱ्या पंचावर असतात तशी ही अक्षरंही उलटी कोरलेली आहेत.